वनस्पतिविद्या आणि चरितार्थ

आपल्या सुशिक्षित कुटुंबांतील एखादा मुलगा अथवा मुलगी वैद्यक आणि यंत्रशास्त्र सोडून वनस्पतिशास्त्राकडे वळण्याची भाषा बोलू लागली, म्हणजे घरातील वडील मंडळी एकच प्रश्न विचारतात : ‘हे शिकून पुढे खाणार काय?’ विद्येची चाड असणारे लोक ह्या प्रश्नाला क्षुद्र समजून त्याची उपेक्षा करितात. परंतु तो प्रश्न उपेक्षा करण्याजोगा खचित नाही. कोणतीही विद्या केवळ आवडीवर तगत नाही. तिच्या उपासकाला अन्न लागते, डोंगर हिंडावयास वाटखर्ची लागते, जमविलेली पाने सुकवून ठेवावयास कोरडी जागा लागते. आणि हे सर्व जो पुरवितो तो त्या विद्येचा धनी होऊन बसतो. धन्याला जे पाहिजे असते तेच चाकराच्या दृष्टीस आधी पडते, हा जगाचा अनुभव आहे. म्हणून ‘खाणार काय?’ ह्या प्रश्नाला ‘खाणार कोणाचे?’ हा दुसरा प्रश्न जोडल्यावाचून पहिल्याचे उत्तर पुरे होत नाही. मुंबई इलाख्यातील आणि पुढे महाराष्ट्रातील वनस्पतिविद्येचा इतिहास ह्या दुसऱ्या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहिला, तर तो केवळ गतकाळाचे वर्णन न राहता आजच्या तरुणांस उपयोगी पडेल असे वाटते.

ह्या इतिहासाचा पहिला अध्याय आपल्या इलाख्याच्या सीमेबाहेर, दक्षिणेस कोचीन येथे घडला. तेथील डच अंमलदार व्हान ऱ्हीड ह्याने मलबारातील वनस्पतींचे वर्णन करणारा ‘हॉर्टस मलबारिकस’ नावाचा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ सिद्ध करविला. तो १६७८ ते १६९३ ह्या काळात ॲमस्टरडॅम येथे छापून निघाला. त्यात सातशेहून अधिक वनस्पती वर्णिल्या आहेत. झाडांची ओळख आणि त्यांचे गुण सांगणारे लोक मात्र डच नव्हते. इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य त्यांत प्रमुख होते. आणि रंगभट, विनायक पंडित व आपूभट हे तिघे कोकणी ब्राह्मण वैद्य त्यांच्या जोडीला होते. ह्या तिघांनी १६७५ साली कोकणी भाषेत व नागरी लिपीत लिहून दिलेले प्रमाणपत्र त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात जसेच्या तसे छापलेले आहे. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरील भाषा बोलणाऱ्या माणसांची विद्या युरोपात पोहोचली ती अशा रीतीने. परंतु एकदा ग्रंथ तयार झाला आणि ह्या वैद्यांचे काम संपले. त्यांची विद्या त्यांच्या घराण्यांत वैद्यकीपुरती चालत राहिली. तिच्या आधाराने नवी शाळा उभी राहिली नाही, की शिष्यांची परंपरा निघाली नाही. ज्याच्या पदरी छापखाना आणि जहाज होते त्याच्या नावावर ग्रंथ जमा झाला.

आता आपल्या इलाख्याकडे वळू. एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारच्या हद्दीत ज्यांनी वनस्पतिविद्येचा पाया घातला, त्यांच्या नोकऱ्या कोणत्या होत्या हे पाहिले म्हणजे मौज वाटते. मुंबई व तिच्या परिसरातील वनस्पतींची पहिली पद्धतशीर सूची १८३९ साली निघाली. तिचे कर्ते जॉन ग्रॅहॅम हे डाकखात्यातील अंमलदार होते. सूची पुरी छापून होण्यापूर्वीच त्यांचा खंडाळ्यास अंत झाला आणि उरलेले काम निम्मो नावाच्या स्नेह्याने तडीस नेले. निकोल डॅलझेल हे १८४१ मध्ये मुंबईस आले ते जकात, मीठ व अफू ह्या खात्यांच्या कामावर. अलेक्झांडर गिब्सन हे कंपनी सरकारच्या फौजेचे शल्यवैद्य. ह्या दोघांनी मिळून लिहिलेला ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ज्यांचा ग्रंथ जवळजवळ शंभर वर्षे ह्या प्रांताच्या अभ्यासकांचे प्रमाणपुस्तक होऊन राहिला ते थिओडोर कुक हे तर स्थापत्यशास्त्रज्ञ होते. ते रेल्वेचे पूल बांधावयास आले आणि नंतर पुण्याच्या सायन्स कॉलेजचे मुख्याध्यापक झाले. डाकवाला, जकातवाला, शल्यवैद्य आणि पूल बांधणारा : ह्यांपैकी एकालाही वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून इकडे कोणी बोलाविले नव्हते. झाडांची आवड ही त्यांची फावल्या वेळची सोबतीण होती. पगार निराळ्याच कामाचा होता.

ह्यांतील गिब्सन ह्यांचे चरित्र आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष विचारणीय आहे, कारण आवडीचे रूपांतर पेशात होण्याचा प्रकार त्यांच्याच आयुष्यात प्रथम घडला. पुण्याजवळ दापोडी येथे सर जॉन माल्कम ह्यांच्या कारकीर्दीत, १८२८ साली, सरकारी वनस्पतिबाग निघाली होती. १८३८ मध्ये तिची व्यवस्था गिब्सन ह्यांच्याकडे आली. जुन्नराजवळ हिवरे येथेही तिची एक शाखा होती व तेथे औषधी वनस्पतींची लागवड होत असे. सरकारने बाग चालविली ती फौजेच्या दवाखान्यांना विलायती औषधे महाग पडत म्हणून, आणि नवी व्यापारी पिके ह्या हवेत येतात की नाही हे पाहावे म्हणून. गिब्सन ह्यांनी ते काम तर केलेच. शिवाय बागेतील व आसपासच्या वनस्पतींची सुंदर रंगीत चित्रे एका पोर्तुगीज-हिंदी चित्रकाराकडून काढून घेतली. ती चित्रे आज एडिंबरोच्या राजकीय वनस्पतिउद्यानात जपून ठेविलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र कोठेच नोंदलेले नाही. पाकळीवरची एकही शीर चुकू न देणाऱ्या ह्या माणसाचे स्वतःचे नाव लिहून ठेवण्याचे कोणाच्या मनात आले नाही. तीन कोकणी वैद्यांचे निदान नाव तरी राहिले. ह्याचे तेवढेही राहिले नाही.

१८४७ मध्ये मुंबई सरकारने गिब्सन ह्यांना जंगलांचे कॉन्झर्व्हेटर नेमले आणि १८६० पर्यंत ते त्या जागेवर होते. वनस्पतीचे ज्ञान आणि वनाची राखण ही दोन कामे एका पगारी माणसाकडे आली, हा ह्या प्रांतातील पहिलाच प्रसंग होय. गिब्सन ह्यांनी दक्षिण कोकणातील डोंगर पाहिले होते. वृक्षतोडीमुळे झरे आटतात, उतारावरची माती वाहून खाड्या गाळाने भरतात आणि हवामानही बिघडते, असे त्यांनी सरकारास बजावून सांगितले. आज ज्याला आपण पर्यावरणाचा विचार म्हणतो तो विचार एका सरकारी शल्यवैद्याने इतक्या लवकर मांडावा, ही गोष्ट लहान नव्हे. ह्याबद्दल त्यांना जेवढे श्रेय द्यावे तेवढे थोडेच.

परंतु सरकारने त्यांचे ऐकले ते कशासाठी, हेही पाहिले पाहिजे. मुंबईच्या गोदीला जहाजांकरिता सागवान पाहिजे होते. १८५३ मध्ये आगगाडी सुरू झाल्यावर रुळांखाली घालावयाच्या लाकडी ओंडक्यांची मागणी त्यात आणखी वाढली. झरे वाचावेत हा शास्त्रज्ञाचा हेतू आणि सागवान मिळावे हा धन्याचा हेतू ह्यांची काही काळ गाठ पडली, एवढाच त्याचा अर्थ. जेथे हे दोन हेतू जुळले तेथे रान राखले गेले. जेथे जुळले नाहीत तेथे धन्याचा हेतू वरचढ ठरला. गिब्सन ह्यांना डोंगरउतारावरील कुमरीला, म्हणजे रान जाळून केलेल्या फिरत्या शेतीला, आळा घालणे अवश्य वाटे. आणि सरकारलाही ते सोयीचे वाटे. डोंगरातील माणूस हा वनाचा शत्रू, अशी जी समजूत पुढे जंगलखात्यात मुरली, तिची मुळे ह्या काळात सापडतात.

ह्या समजुतीला कायद्याचे बळ १८७८ साली आले. त्यापूर्वी १८६४ मध्ये सगळ्या देशाकरिता जंगलखाते निघाले होते व त्याच्या प्रमुखपदी ब्रँडिस हे जर्मन गृहस्थ आले होते. हे खरोखरीच वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते आणि गावकऱ्यांच्या ताब्यात ग्रामवने असावीत असे त्यांचे मत होते. परंतु १८७८ च्या कायद्यात त्यांचे मत मागे पडले. गावोगावच्या लोकांचा रानावरील पिढीजाद हक्क सरकारच्या मर्जीने मिळणारी सवलत होऊन बसला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत ह्याचा पहिला तडाखा राबाला बसला. भाताचा तरवा टाकण्यापूर्वी झाडांचे टहाळ, पालापाचोळा व शेण वाफ्यावर पसरून जाळावयाचे, ही तिकडील शेतीची जुनी रीत. टहाळ तोडण्यावर बंदी आली तेव्हा शेतकऱ्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला त्यांच्या चौकशीसाठी एक कमिशन नेमावे लागले. ह्याच सुमारास, १८८३ मध्ये पुऱ्या झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात, जोतीराव फुले ह्यांनी जंगलखात्याने गायराने व डोंगर गिळल्यामुळे शेतकऱ्याच्या गुरांस चरावयास जागा उरली नाही, असा कडक आक्षेप घेतला. वनसंरक्षणाचा आपल्याकडील इतिहास लिहिताना पुष्कळ लेखक गिब्सन ह्यांचे नाव घेतात आणि जोतीरावांचे घेत नाहीत. दोघांचीही नावे एका पानावर आल्यावाचून तो इतिहास खरा होणार नाही.

ह्या काळच्या वनस्पतिविद्येची सारी घडण एका लहानशा रोपाच्या नावात उतरली आहे. सह्याद्रीच्या उभ्या कड्यांवर, विशेषतः किल्ल्यांच्या कातळांत, मांसल खोडाचे एक आडवे पसरणारे झुडूप उगवते. पावसाळ्याच्या शेवटी त्याला ताऱ्यासारखे पाच पाकळ्यांचे, तांबूस रंगावर पिवळी नक्षी असलेले फूल येते. रानात वावरणारी माणसे त्याला शिंदळ माकुडी म्हणतात. जुन्नराकडील हिवऱ्याच्या डोंगरांतून हे झुडूप विद्वानांच्या हाती आले आणि १८६५ मध्ये डॅलझेल ह्यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. डॅलझेल त्या वेळी गिब्सन ह्यांच्या मागून जंगलखात्याचे प्रमुख झाले होते, आणि मुंबईचे गव्हर्नर होते सर बार्टल फ्रिअर. रोपाचे नाव ‘फ्रेरिया इंडिका’ असे ठेवण्यात आले. फ्रिअर शास्त्राचे चाहते होते हे खरे. तथापि चाकराने धन्याला वाहिलेले हे फूल होते, ह्यातही शंका नाही. पुढच्या शास्त्रज्ञांनी फ्रेरिया ही निराळी प्रजाती मानण्याचे कारण नाही असे ठरवून रोपाला दुसऱ्या प्रजातीत घातले, तरी त्याच्या जातिनामात गव्हर्नरसाहेब अद्याप आहेतच. नाव असे अमर झाले, रोप मात्र विरळ होत गेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते जगातील अत्यंत संकटग्रस्त वनस्पतींमध्ये गणले जाऊ लागले. आणि मग ते बागांत वाढवून पुन्हा कड्यांवर लावण्याचे प्रयत्न आपल्या इकडच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना करावे लागले. नाव देणे आणि राखणे ही दोन कामे एकमेकांपासून तुटली म्हणजे काय होते, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

थिओडोर कुक ह्यांचा ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ १९०१ ते १९०८ ह्या काळात निघाला. सेवानिवृत्तीनंतर लंडनजवळील क्यू येथील उद्यानात बसून त्यांनी तो लिहिला. त्याची पाने चाळताना प्रत्येक वनस्पतीखाली ती कोठे सापडली व कोणी जमविली ह्याची नोंद दिसते. कुक, डॅलझेल, गिब्सन, वुड्रो ह्या नावांच्या रांगेतच मधून मधून ‘कानिटकर’ आणि ‘भिवा’ अशी नावे येतात. कानिटकर हे आडनाव तरी आहे. भिवा हा नुसताच भिवा. कोणत्या गावचा, कोणाचा कोण, काही नाही. परंतु महाबळेश्वराच्या झाडीत आणि कोकणच्या उतारावर हिंडून त्याने जमविलेल्या काड्या-पानांवर पंडितांचे निर्णय उभे आहेत. हा भिवा आपल्या काळचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता काय? पगाराच्या दृष्टीने नव्हता, पदवीच्या दृष्टीनेही नव्हता. परंतु हजार पानांमधून वेगळे पान ओळखणारी दृष्टी त्याला होती, आणि ती दृष्टी हीच ह्या विद्येतील मूळ भांडवल होय.

आपल्यापैकी कोणी ह्या विद्येला सर्व आयुष्य वाहून, तिच्यावरच चरितार्थ चालवून, तिच्यासाठी नवे घर बांधावे, ही गोष्ट विसाव्या शतकात घडली. शंकर पुरुषोत्तम आघारकर ह्यांचा जन्म १८८४ साली मालवण येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते जीवशास्त्राचे अध्यापक झाले. पश्चिम घाटातील नद्यांत गोड्या पाण्यातील जेलीफिश सापडतो हे त्यांच्या शोधामुळे विद्वानांस कळले. तोवर हा प्राणी आफ्रिकेतील सरोवरांतच राहतो अशी समजूत होती. ह्या शोधासाठी त्यांना कोणी पाठविले नव्हते. सुट्टीत डोंगर हिंडण्याचे ते फळ होते. येथपर्यंत त्यांची गोष्ट ग्रॅहॅम आणि डॅलझेल ह्यांच्यासारखीच आहे.

निराळी गोष्ट पुढे घडली. कलकत्ता विद्यापीठाला तारकनाथ पालित व रासबिहारी घोष ह्या दोन नामांकित वकिलांनी मोठाल्या देणग्या दिल्या आणि त्यांतून विज्ञानाची अध्यासने निघाली. ती एतद्देशीयांनीच भूषवावीत हा देणगीदारांचा हेतू होता. घोष ह्यांच्या नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या अध्यासनावर आघारकरांची निवड झाली, आणि उच्च शिक्षणासाठी १९१४ मध्ये ते जर्मनीस गेले. तेवढ्यात महायुद्ध पेटले. ब्रिटिशांचे प्रजाजन म्हणून त्यांना तेथे स्थानबद्ध व्हावे लागले. ह्या दिवसांचेही त्यांनी चीज केले. जगद्विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ एंग्लर ह्यांच्या हाताखाली त्यांनी वायव्य भारतातील रूक्ष प्रदेशांतल्या वनस्पतींचा प्रसार कसा होतो ह्यावर प्रबंध लिहिला आणि १९१९ मध्ये बर्लिनची डॉक्टर पदवी मिळविली. ह्या प्रबंधाचा विषय लक्षात ठेवण्याजोगा आहे. झाडाचे औषध कोणते अथवा लाकूड किती, हा प्रश्न त्यात नाही; हे झाड येथेच का उगवते आणि येथून तेथे कसे जाते, हा प्रश्न आहे. असा प्रश्न विचारण्याची मोकळीक गिब्सन ह्यांना त्यांच्या पगाराने दिली नव्हती. आघारकरांना ती एका वकिलाच्या देणगीने दिली.

१९४६ मध्ये कलकत्त्याहून निवृत्त झाल्यावर आघारकर पुण्यास आले. निवृत्तीनंतर पेन्शन खात स्वस्थ बसावे, हा आपल्या वर्गाचा सर्वमान्य आदर्श. तो त्यांना मानवला नाही. महेंद्रलाल सरकार ह्यांनी १८७६ मध्ये कलकत्त्यास विज्ञानसंवर्धनाची जी संस्था काढली होती तिच्या धर्तीवर, त्याच वर्षी महाराष्ट्रात ‘महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था स्थापन झाली. तिचे ते पहिले संचालक झाले, आणि १९६० मध्ये मृत्यू येईपर्यंत तिच्यासाठी झटत राहिले. उसन्या जागेत आणि तुटपुंज्या पैशांत तिचे आरंभीचे दिवस गेले. १९९२ मध्ये त्या संस्थेला आघारकरांचे नाव देण्यात आले. ती ज्या रस्त्यावर उभी आहे त्याला योगायोगाने गोपाळ गणेश आगरकरांचे नाव असल्यामुळे पुण्यातील पुष्कळ भले लोक अजूनही दोघांना एकच समजतात. ‘केसरी’चे पहिले संपादक सर्वांस ठाऊक, मालवणचा वनस्पतिशास्त्रज्ञ कोणासच ठाऊक नाही, ह्यावरून आपल्या समाजात ह्या विद्येचे स्थान काय आहे ते कळते.

ह्या संस्थेत पुढे जे एक काम झाले ते मला तिच्या जन्माचे सार्थक वाटते. १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक आणि अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातून परिस्थितिविज्ञान शिकून नुकतेच परत आलेले डॉ. माधव गाडगीळ ह्यांनी सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला. काळकाई, वाघजाई, म्हसोबा अशा दैवतांच्या नावाने राखलेली ही राने. ह्यांतील फांदीसुद्धा तोडावयाची नाही, असा गावाचा निर्बंध. आजूबाजूचे डोंगर बोडके झाले असता येथे जुने वृक्ष, मोठाल्या वेली आणि अन्यत्र नाहीशा झालेल्या वनस्पती टिकून होत्या, आणि कित्येक ठिकाणी गावाच्या बारमाही पाण्याचा उगम त्या राईतच होता. श्रीवर्धन तालुक्यातील एका गावाची देवराई जंगलखाते तोडणार असे दिसताच गावकऱ्यांनी ह्या शास्त्रज्ञांचे साहाय्य मागितले. आणि ती राई वाचली. राई तुटली तर झरा आटेल, हेच तेथील म्हाताऱ्या माणसांचे म्हणणे होते. सव्वाशे वर्षांपूर्वी गिब्सन ह्यांनी सरकारास जे सांगितले तेच हे, परंतु सांगणारे आता ते लोक होते ज्यांना त्या खात्याने वनाचे शत्रू ठरविले होते.

देवरायांची स्तुती करताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. प्रत्येक गावाने प्रत्येक राई राखली असे नाही; कोळशाच्या व लाकडाच्या व्यापाराचा मोह गावांनाही पडला आणि कित्येक राया गावकऱ्यांच्याच संमतीने तुटल्या. देवाचे भय हेही अक्षय नसते. येथे मुद्दा एवढाच आहे, की दीडशे वर्षे शास्त्रज्ञ देवरायांच्या जवळून जात होते, त्यांतील पाने नेत होते, त्यांची नावे लिहीत होते, परंतु ही राखलेली राने आहेत आणि राखणारी माणसे शेजारीच राहतात, हे शास्त्राचा विषय म्हणून त्यांच्या लक्षात आले नाही. ज्याचे मीठ ते खात होते त्या धन्याला ह्याचे प्रयोजन नव्हते. सरकारी महसुलाशी संबंध नसलेल्या एका संस्थेतील माणसांच्या दृष्टीस ते पडले.

तेव्हापासून काळ पुष्कळ पालटला आहे. १९५५ मध्ये भारतीय वनस्पति-सर्वेक्षणाची पश्चिम शाखा पुण्यास निघाली आणि वनस्पतींची नोंद हे राष्ट्राचे काम झाले. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावच्या जीवसृष्टीची नोंदवही गावकऱ्यांच्या साह्याने करावी असे ठरविले. २००६ च्या वनाधिकार कायद्याने १८७८ मध्ये सवलत होऊन बसलेल्या गोष्टीला पुन्हा हक्काचे नाव दिले, आणि २००९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ह्या गावाला आपल्या वनावर सामूहिक हक्क मिळाला. गावाला बांबूची व मोहाची नीट व्यवस्था लावावयाची असेल, तर वनस्पती जाणणारा माणूस पाहिजेच. म्हणजे आज ह्या विद्येचा धनी एखादे गावही होऊ शकते. ही वाट अद्याप अरुंद आहे, परंतु ती निघाली आहे.

ह्याच्या उलट दुसरी एक वाट पुष्कळ रुंद झाली आहे, आणि बहुतेक तरुण पदवीधर तीवरूनच जातात. धरण, खाण किंवा कारखाना काढण्यापूर्वी त्याचा परिसरावर काय परिणाम होईल ह्याचा अहवाल सादर केला पाहिजे, असा नियम १९९४ मध्ये झाला व २००६ मध्ये तो नव्याने घालण्यात आला. नियम चांगला आहे. त्यामुळे वनस्पतिशास्त्राच्या पदवीधरांना खासगी सल्लागार मंडळ्यांत नोकऱ्या मिळू लागल्या, हेही चांगले. परंतु ह्या सल्लागारांना नेमतो व पैसे देतो तो प्रकल्पाचा मालक. शिवाय अशा अहवालांची पायाभूत माहिती पुष्कळदा पावसाळा वगळून एकाच ऋतूत गोळा केली जाते. आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणच्या सड्यांवर कंदीलपुष्पे, सीतेची आसवे, तेरड्याच्या नाना जाती, ह्या सर्वांचा जन्म, फुलणे आणि मरण जून ते ऑक्टोबर ह्या महिन्यांत उरकते. जानेवारीत तेथे गेलेल्या माणसाला उघडा कातळ दिसणार; आणि ‘उल्लेखनीय वनस्पती आढळली नाही’ असे तो प्रामाणिकपणेसुद्धा लिहू शकेल. त्याने खोटे सांगितले असे म्हणता येत नाही, परंतु त्याला पाहावयास कोणत्या महिन्यात पाठवावे हे धन्याने ठरविले. गिब्सन ह्यांच्या काळी झरा आणि सागवान ह्यांची गाठ पडली होती. आता झरा आणि खाण ह्यांची गाठ पडण्याचा संभव नाही. म्हणून ‘खाणार कोणाचे?’ हा प्रश्न आज पूर्वीपेक्षा अधिक कठीण झाला आहे.

आईबापांना ह्यावरून काय सांगावे? पहिले हे, की वनस्पतिशास्त्रात चरितार्थ नाही ही समजूत आता खरी नाही. शेती, वनखाते, सर्वेक्षण, औषधांचे कारखाने, महाविद्यालये, अहवाल लिहिणारे सल्लागार, गावांच्या नोंदवह्या : पोट भरण्याचे मार्ग आहेत, श्रीमंतीचे नसले तरी अब्रूचे आहेत. दुसरे हे, की मुलाने अथवा मुलीने ह्यांतील कोणताही मार्ग धरला तरी त्यांच्याकडे दोन शिदोऱ्या असाव्यात. एक, झाड प्रत्यक्ष पाहून ओळखण्याची भिवाची दृष्टी, जी प्रयोगशाळेतील यंत्रांच्या गर्दीत आज पुष्कळ पदवीधरांपाशी नसते; आणि दुसरी, त्या झाडाशेजारी राहणाऱ्या माणसाला विचारण्याची सवय. ह्या दोन गोष्टी जवळ असतील, तर धनी कोणीही असो, काय राहून गेले हे निदान कळते. आणि कळले म्हणजे केव्हा तरी बोलण्याचा प्रसंग येतोच.

तिसरी गोष्ट आईबापांच्या स्वतःच्या कर्तव्याची आहे. घोष ह्यांच्या देणगीवाचून आघारकर कलकत्त्याचे अध्यापक झाले नसते, आणि आघारकरांच्या संस्थेवाचून देवरायांचा तो अभ्यास त्या वेळी कोणी केला असता की नाही ह्याची मला शंका आहे. आपला मध्यमवर्ग शाळांना देतो, ग्रंथालयांना देतो, नाट्यगृहांना व देवळांना देतो. परंतु एखाद्या तालुक्याच्या वनस्पतींची नोंद करण्यासाठी एका तरुण अभ्यासकाला दोन पावसाळे पोसावे, अशी वर्गणी कोणत्या गावाने काढल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. तेवढ्याला काही मोठे द्रव्य लागत नाही. दहा-वीस कुटुंबांनी मनावर घेतले तरी पुरे. ही वर्गणी कोणी काढील, तर त्या तरुणाला जून महिन्यात सड्यावर जाता येईल, आणि तेथे जे दिसेल ते लिहिताना त्याला कोणाच्याही तोंडाकडे पाहावे लागणार नाही.